कलामहर्षी कै. बाबूराव पेंटर

कोल्हापूरच्या शिवाजी चौकातून आपल्यापैकी कितीतरी कुटुंबे नित्य ये-जा करतात. तेथील छत्रपतींच्या पुतळ्यापुढे हात जोडल्यावाचून जुनी माणसे पुढे जात नाहीत. परंतु हा पुतळा कोणी घडविला, असे त्याच चौकात उभे राहून विचारले तर नेमके उत्तर देणारे फार थोडे भेटतील. ज्या हातांनी तो घडविला, त्याच हातांनी मराठी मुलखातील नाटकांचे पडदे रंगविले, चित्रपटाचा कॅमेरा घरच्या घरी बनविला, आणि महाराष्ट्राला चित्रपट कसा असावा याचे पहिले भरीव धडे दिले. ते हात बाबूराव कृष्णराव मेस्त्री यांचे होत. जग त्यांना बाबूराव पेंटर म्हणून ओळखते. रसिकांनी त्यांना कलामहर्षी ही पदवी प्रेमाने दिली आणि ती त्यांच्या नावाला कायमची चिकटली.

हत्यार हाती धरून पोट भरणाऱ्या आपल्या समाजाला बाबूरावांविषयी अभिमान वाटावा हे स्वाभाविक आहे. तथापि अभिमानाने नाव घेणे वेगळे, आणि त्या माणसाने काय केले, कसे केले, कोठे तो चुकला हे नीट समजून घेणे वेगळे. स्मरणिकेच्या या पानांत आम्ही दुसऱ्या मार्गाने जाण्याचे योजिले आहे. वाचकांपैकी ज्यांना केवळ गौरव वाचावयाचा असेल त्यांनी आम्हांस क्षमा करावी.

बाबूरावांचा जन्म ३ जून १८९० रोजी कोल्हापुरात झाला. वडील कृष्णराव हे सुतारकाम, लोहारकाम, हस्तिदंतावरील कोरीवकाम आणि चित्रकला अशा अनेक कामांत वाकबगार होते. घरात एकच एक धंदा नसे. आज दाराची चौकट, उद्या देव्हारा, परवा एखादी मूर्ती, असे हाताला येईल ते काम निगुतीने करण्याची रीत होती. आपल्या जुन्या घरांतून ही रीत सर्वत्र होती हे वडीलधाऱ्यांना सांगावयास नको. मुलाने शाळेत जावे की भात्यापाशी बसावे, हा प्रश्न तेव्हा पडतच नसे. बाबूरावांचे शाळेतील शिक्षण बेताचेच झाले. चित्रकलेच्या कोणत्याही शाळेत ते कधी शिकावयास गेले नाहीत. मुंबईचे सर जे. जे. कलाविद्यालय त्या काळी नावारूपाला आलेले होते आणि कोल्हापूरचेच आबालाल रहिमान तेथे शिकून परत आले होते. पण बाबूरावांना ते दार उघडले नाही. वडिलांचे काम पाहणे, चांगल्या चित्रांची नक्कल करणे, ती पुसून पुन्हा करणे, आणि रंकाळ्याच्या काठी किंवा पेठेत जे डोळ्यांना दिसेल ते रेखाटणे, एवढीच त्यांची शाळा.

येथे आम्हांस थोडे विषयांतर करावेसे वाटते. सुटीच्या दिवशी रंगपेटी उघडून बसण्याची हौस आमच्यापैकी काहींना आहे, आणि हौशी माणसाच्या अडचणी आम्ही अनुभवाने जाणतो. शिकवणारा नसला की माणूस एकच चूक वर्षानुवर्षे करीत राहतो. हाताला वळण लागते, पण ते बरोबर की चूक हे सांगणारे कोणी नसते. पुष्कळ हौशी चित्रकार येथेच थांबतात. बाबूराव थांबले नाहीत याचे कारण आम्हांस त्यांच्या प्रतिभेइतकेच त्यांच्या घरच्या कामात दिसते. सुताराच्या घरात चूक लपत नाही. सांधा बसला नाही तर चौकट हलते. गुण्या लावून पाहिला की काटकोन खरा की खोटा हे तत्काळ कळते. ज्याने लहानपणापासून लाकडाशी असा व्यवहार केला, त्याला कागदावरही आपली चूक आपणच पकडण्याची सवय लागते. दृष्टिभ्रमाने जवळचे आणि दूरचे दाखविण्याचे जे शास्त्र कलाविद्यालयात भूमितीच्या आकृतींनी शिकवितात, त्याचे मर्म वाड्याचे बांधकाम पाहत वाढलेल्या मुलाला निराळ्या वाटेने उमगले असल्यास नवल नाही.

कोल्हापूर हे त्या वेळी कलावंतांना पोसणारे गाव होते. गादीवर राजर्षी शाहू महाराज होते. गवई, मल्ल, चित्रकार, नाटकवाले यांना त्यांच्या दरबारात आश्रय होता. अल्लादिया खाँसाहेबांसारखे गायक तेथे राहिले, आबालाल रहिमानांना दरबारी चित्रकार म्हणून मान मिळाला, आणि १९१५ साली पॅलेस थिएटर उभे राहिले. त्याला पुढे केशवराव भोसले यांचे नाव देण्यात आले. ऑगस्ट २०२४ मध्ये लागलेल्या आगीत या नाट्यगृहाची जी हानी झाली तिचे वर्तमान ऐकून कोल्हापूरबाहेर राहणाऱ्या आपल्या कुटुंबांनाही चटका बसल्याचे आम्ही पाहिले. अशा गावात रंग ओळखणाऱ्या मुलाला काम मिळणे कठीण नव्हते.

बाबूरावांचे नाव प्रथम झाले ते नाटकांच्या पडद्यांमुळे. नात्याने भाऊ असलेले आनंदराव हे त्यांचे या कामातील सहकारी. आनंदरावही पेंटर याच नावाने ओळखले जात. १९१० ते १९१६ या काळात पश्चिम महाराष्ट्रातील संगीत नाटक मंडळ्यांसाठी, तसेच गुजराती व पारशी नाटकवाल्यांसाठी, या दोघांनी जे पडदे रंगविले त्यांची वाखाणणी सर्वत्र होत असे. मेस्त्री हे आडनाव मागे पडून पेंटर हेच रूढ झाले ते याच सुमारास. काहींना हे आडनाव बदलणे रुचत नाही, मूळचे नाव का टाकले असे ते विचारतात. आमच्या मते यात टाकण्यासारखे काही घडले नाही. मेस्त्री हेही कामाचेच नाव आणि पेंटर हेही कामाचेच.

पडदा रंगविणे हे काम कसे असते याची आजच्या वाचकाला कल्पना येणार नाही, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. मोठाले कापड जोडून ताणावयाचे, त्यावर सरस आणि खडू यांचा हात द्यावयाचा, म्हणजे कापडाची जाळी बुजते. मग सुतार ज्या सुताने लाकडावर रेघ उठवितो, त्याच सुताने खांब, कमानी, पायऱ्या यांच्या लांबच लांब रेषा मारावयाच्या. कोरडे रंग सरसात कालवून मोठ्या कुंचल्यांनी भरावयाचे. ओला रंग एक दिसतो आणि वाळल्यावर भलताच फिका पडतो, म्हणून वाळल्यानंतरचा रंग मनात धरून ओला लावावा लागतो. शिवाय पाहणारा दूर बसलेला, तोही दिव्याच्या उजेडात. जवळून ओबडधोबड दिसणारा फटकारा तेथून महालाचा झुंबर झाला पाहिजे. रस्त्याचा पडदा, जंगलाचा पडदा, दरबाराचा पडदा असे ठरीव प्रकार असत, आणि प्रत्येक मंडळी तेच मागे. या ठरीव चौकटीतही खोलीचा भास इतका हुबेहूब निर्माण करावयाचा की पडदा उघडताच प्रेक्षकांनी टाळ्या द्याव्यात, ही या दोघा भावांची कामगिरी होती.

१९१३ साली दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ आला. तो पाहून हे दोघे भाऊ झपाटले. ज्याला आयुष्यभर स्थिर पडद्यावर हालचालीचा भास निर्माण करावयाचा आहे, त्याला हलणारे चित्र पाहून काय वाटले असेल! चित्रपट काढावयाचा तर कॅमेरा हवा, आणि परदेशी कॅमेरा विकत घेण्याइतके द्रव्य जवळ नव्हते. मग कॅमेरा आपणच बनवावा, असे त्यांनी ठरविले. आरंभी त्यांनी चित्रपट दाखविण्याचा व्यवसाय केला. त्यातून प्रक्षेपणयंत्र रोज हाताखालून जाऊ लागले, आणि ते उघडून, सुटे करून, पुन्हा जोडून त्यांनी त्याचे अंतरंग जाणून घेतले.

वाचकहो, येथे आपल्या तरुणांनी विशेष लक्ष द्यावे. चित्रपटाचा कॅमेरा आणि प्रक्षेपणयंत्र यांची मूळ कल्पना एकच आहे. दोहोंत फिल्मची पट्टी सरळ वाहत नाही, ती थांबत थांबत पुढे सरकते. एक चौकट भिंगासमोर क्षणभर निश्चल उभी राहते, मग तिच्या कडेच्या छिद्रांत आकडा अडकतो, तिला खाली ओढतो, आणि पुढची चौकट त्याच जागी येऊन उभी राहते. ओढण्याच्या त्या क्षणी फिरती झडप भिंग झाकून टाकते, नाही तर चित्र फराटे ओढल्यासारखे उमटेल. मूकपटाच्या काळात हे सारे हाताने दांडा फिरवून, सेकंदाला सुमारे सोळा वेळा घडवावयाचे. चाकांचे दाते केसभर चुकले तर चौकटी एकीवर एक चढतात. पेटीच्या सांध्यातून सुईच्या टोकाएवढा उजेड आत शिरला तर सारी फिल्म वाया जाते. म्हणजे उजेड न शिरणारी पेटी करावयाला कसबी सुतार हवा, आणि दाते कापावयाला कसबी लोहार हवा. बाबूरावांच्या घरात ही दोन्ही कसबे होती. या कामात विष्णुपंत दामले नावाचे एक तरुण त्यांना मिळाले. यंत्रांच्या बाबतीत दामले यांची बुद्धी विलक्षण होती.

दुर्दैव असे की, १९१६ साली आनंदराव निवर्तले. कॅमेरा पुरा झालेला पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. दोघांच्या हातून एकत्र चाललेले काम एकट्यावर येऊन पडले. आनंदरावांचे नाव आज जवळजवळ कोणी घेत नाही, याची आम्हांस खंत वाटते. कारण बाबूरावांना यंत्राकडे वळविण्यात आणि पडद्याच्या कामात त्यांचा हात पुढे होता. पुढे १९१८ साली कॅमेरा सिद्ध झाला. घरी बनविलेल्या या यंत्राने संपूर्ण चित्रपट घेता आला, यावर आजही पुष्कळांचा विश्वास बसत नाही.

१९१७ साली महाराष्ट्र फिल्म कंपनीची स्थापना झाली. भांडवलाचा प्रश्न कसा सुटला हेही सांगितले पाहिजे. कोल्हापुरातील गायिका तानीबाई कागलकर यांनी आपल्या जवळचा पैसा बाबूरावांच्या हाती दिला. त्या काळी गाणाऱ्या स्त्रीला समाजात कोणते स्थान होते हे सर्वजण जाणतात. प्रतिष्ठितांनी ज्या धंद्याकडे संशयाने पाहिले, त्याला पहिला आधार अशा एका स्त्रीने दिला, आणि तिचे उपकार आठवल्याशिवाय हे चरित्र पुरे होऊ शकत नाही.

फेब्रुवारी १९२० मध्ये पुण्याच्या आर्यन थिएटरात ‘सैरंध्री’ प्रदर्शित झाला. महाभारतातील कीचकवधाची ती कथा. याच कथेवरील खाडिलकरांचे ‘कीचकवध’ नाटक सरकारने १९१० साली बंद केलेले होते, त्यामुळे विषयाचा रोख प्रेक्षकांना समजावून सांगण्याची गरज नव्हती. भीमाने कीचकाचा केलेला वध इतका खराखुरा दिसे की, प्रेक्षकांत हाहाकार उडे, आणि पुढे त्या भागाला कात्री लागली. लोकमान्य टिळकांनी हा चित्रपट पाहून बाबूरावांना सुवर्णपदक आणि सिनेमा केसरी ही पदवी दिली. त्याच वर्षी १ ऑगस्टला लोकमान्यांचे देहावसान झाले. ‘सैरंध्री’त स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच केल्या होत्या, हीही गोष्ट लहान नव्हे. गुलाबबाई आणि अनसूयाबाई या त्या दोन नटी. पडद्यावर त्यांना कमलादेवी आणि सुशीलादेवी अशी नावे देण्यात आली. त्यांना आपल्या माणसांकडून पुष्कळ सोसावे लागले.

आता स्टुडिओविषयी. स्टुडिओ म्हणताच वाचकांच्या डोळ्यांपुढे मोठमोठे दिवे आणि वातानुकूलित दालने उभी राहतील. तसे येथे काहीही नव्हते. आरंभीचे चित्रण सूर्यप्रकाशावर चाले. ऊन कडक असेल तर वर पातळ कापड ताणून ते सौम्य करावयाचे, आणि ढग आले की दांडा सोडून बसावयाचे. त्या काळी फिल्म लाकडी चौकटींवर गुंडाळून रसायनात बुडवीत आणि वाळवीत. म्हणजे तेथेही सुतारकाम आलेच. परंतु बाबूरावांचा खरा पराक्रम याच आवारात झाला. नाटकाचे पडदे रंगवून ज्याने नाव मिळविले, त्यानेच चित्रपटातून रंगविलेला पडदा काढून टाकला. पडद्यावर काढलेला खांब माणसाच्या मागे स्तब्ध उभा असतो. माणूस त्याच्या आड जाऊ शकत नाही आणि त्याची सावली त्यावर खरी पडत नाही. कॅमेऱ्यापुढे हे ढोंग टिकत नाही हे बाबूरावांनी ओळखले, आणि लाकूड, कापड, गिलावा यांचे भरीव देखावे उभारून पात्रांना त्यांतून फिरू दिले. ज्या कलेने मान मिळवून दिला तीच येथे निरुपयोगी आहे हे ओळखणे, आणि ती बाजूला ठेवणे, हे फार थोड्या कलावंतांना जमते.

रंगांची दुसरी एक अडचण होती. त्या काळच्या फिल्मला लाल रंग जवळजवळ दिसतच नसे आणि निळा पांढऱ्यासारखा उमटे. तांबडे लुगडे काळे होई, आणि निळे आकाश कोऱ्या कागदासारखे निघे. डोळ्यांना सुंदर दिसणारा देखावा फिल्मवर भलताच उतरे. अशा वेळी कोणता रंग करड्याच्या कोणत्या छटेत उतरेल हे आधीच मनात पाहू शकणारा दिग्दर्शक हवा होता. ओला रंग वाळल्यावर कसा दिसेल याचा हिशेब ज्याने पडद्यांवर वर्षानुवर्षे केला, त्याला हे गणित नवे नव्हते.

१९२३ साली ‘सिंहगड’ निघाला. ह. ना. आपटे यांच्या ‘गड आला पण सिंह गेला’ या कादंबरीवर तो आधारलेला होता. रात्रीच्या प्रसंगांसाठी कृत्रिम दिव्यांचा उपयोग त्यात करण्यात आला, आणि मावळे कडा चढतात तो प्रसंग पाहण्यास लोकांची रीघ लागली. मुंबई इलाख्यात करमणुकीवरील कराचा कायदा झाला तोही १९२३ सालीच. चित्रगृहांबाहेरची ही गर्दी सरकारच्या नजरेत भरली, असे सांगितले जाते. १९२४ चा ‘कल्याणचा खजिना’ लंडनजवळील वेम्ब्ले येथील प्रदर्शनात गौरविला गेला. चित्रपटांच्या भित्तिचित्रांकडे बाबूराव स्वतः लक्ष देत आणि ती स्वतः रंगवीत. त्याचबरोबर कथासार आणि छायाचित्रे असलेल्या पुस्तिका काढून प्रेक्षकांना देण्याचा प्रघातही त्यांनी पाडला.

तरीही आमच्या मते त्यांचे सर्वांत मोठे काम १९२५ चा ‘सावकारी पाश’ हे होय. ना. ह. आपटे यांची ती कथा. देव नाहीत, राजे नाहीत, लढाया नाहीत. एक शेतकरी, त्याचे कर्ज, सावकाराच्या हाती गेलेली जमीन, आणि शेवटी गाव सोडून शहरातील गिरणीकडे वळलेले पाऊल. तरुण शांतारामांनी त्यात शेतकऱ्याचे काम केले. अंधुक उजेडातील झोपडी आणि तिच्यापुढे विव्हळणारे कुत्रे, असा त्यातला एक प्रसंग जाणकारांच्या स्मरणात कित्येक वर्षे राहिला. चित्रात एकही शब्द बोललेला नसताना घराचा सर्वनाश कळावा, ही किमया चित्रकाराचीच. सामान्य प्रेक्षकांनी मात्र या चित्रपटाला फारसा आश्रय दिला नाही. त्यांना सिंहगड हवा होता, आपल्याच दाराशी बसलेला सावकार नको होता. आपल्या समाजातील कितीएक घरांची हत्यारे त्याच काळात गहाण पडली होती, हे ध्यानी घेता त्यांनी तोंड फिरविले याबद्दल त्यांना दोष देण्याचे धाडस आम्हांस होत नाही.

महाराष्ट्र फिल्म कंपनी ही चित्रपटाची मोठी कार्यशाळाच होती. विष्णुपंत दामले, साहेबमामा फत्तेलाल, केशवराव धायबर आणि १९२० साली आलेले व्ही. शांताराम हे येथेच तयार झाले. यांपैकी प्रत्येकाने देखावे उभारणे, फिल्म धुणे, कॅमेरा चालविणे, प्रसंगी तोंडाला रंग लावून उभे राहणे, ही सारी कामे केली. हे शिक्षण ठरवून दिलेले नव्हते, ते गुरूच्या हाताकडे पाहून घ्यावयाचे होते. बाबूराव अबोल होते. समजावून सांगणे हा त्यांचा स्वभाव नव्हता. आणखी एक गोष्ट आपल्या लोकांनी मनावर घ्यावी असे आम्हांस वाटते. दामले ब्राह्मण, फत्तेलाल मुसलमान, आणि गुरू मेस्त्री. बाबूरावांची विद्या ज्यांनी पुढे नेली ते बहुतेक आपल्या जातीबाहेरचे होते. आपल्या समाजाचा थोर पुरुष म्हणून त्यांचे चित्र आपण सभागृहात लावतो ते योग्यच आहे. पण त्यांच्या हयातीत आपल्यांतील किती तरुण त्यांच्या दारी जाऊन उभे राहिले, याचा विचार केला तर मान थोडी खाली जाते.

१९२९ साली हे चारही शिष्य कंपनी सोडून गेले, आणि सीताराम कुलकर्णी यांच्यासह त्यांनी कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी काढली. या फुटीविषयी पुष्कळ बोलले गेले आहे. शिष्य कृतघ्न निघाले असे म्हणणारे आपल्याकडे कमी नाहीत. आम्हांस तसे म्हणवत नाही. बाबूरावांची लहर लागेल तेव्हा काम चाले आणि नाही तेव्हा थांबे. एका चित्रात मन गुंतले की हिशेब, तारखा, देणी यांची त्यांना शुद्ध राहत नसे. चित्रकाराला हे शोभते. ज्याच्या पगारावर पुष्कळ घरे चालतात त्या मालकाला शोभत नाही. हाताखालची माणसे कर्तबगार झाली की त्यांना अधिकारही द्यावा लागतो, तो त्यांना पुरेसा मिळाला नाही. चौघे गेल्यानंतर कंपनी फार काळ तगली नाही. बोलपटांचे युग सुरू होताच ती बंद पडली. इकडे प्रभात १९३३ मध्ये पुण्यास गेली, आणि दामले-फत्तेलाल यांचा ‘संत तुकाराम’ व्हेनिसपर्यंत पोहोचला. प्रभातच्या त्याच आवारात १९६० साली सरकारने चित्रपटाची शिक्षणसंस्था काढली. कधीही कलाशाळेत न गेलेल्या माणसाच्या परंपरेतून अशी शाळा निघावी, हे पाहण्यास बाबूराव हयात नव्हते.

बोलपटाच्या काळात शालिनी सिनेटोनसाठी त्यांनी ‘उषा’ (१९३५), पुन्हा एकदा ‘सावकारी पाश’ (१९३६) आणि ‘प्रतिभा’ (१९३७) हे चित्रपट केले. पुढे शांतारामांच्या राजकमल संस्थेने ‘लोकशाहीर राम जोशी’ (१९४७) काढला, त्याच्या दिग्दर्शनात बाबूरावांचे नाव आहे. ज्या शिष्याविषयी लोक कडवटपणे बोलत, त्याच्या संस्थेत गुरूने काम केले, यावरून उभयतांच्या मनात द्वेष उरला नव्हता असे आम्ही समजतो. मात्र चित्रपटात त्यांचे मन पहिल्यासारखे रमले नाही. ते पुन्हा आपल्या रंगांकडे आणि मातीकडे वळले. देवदेवतांची चित्रे, व्यक्तिचित्रे, मूर्ती असे काम त्यांनी अखेरपर्यंत केले.

आरंभी ज्या पुतळ्याचा उल्लेख केला तो याच काळातला. त्या चौकात पूर्वी मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांचा पुतळा होता. १९४२ च्या आंदोलनात कोल्हापूरच्या स्त्रियांनी तो विद्रूप केला. मग त्या जागी शिवछत्रपतींचा पुतळा बसवावा असा विचार पुढे आला. भालजी पेंढारकर यांनी त्यासाठी पुढाकार घेतला, आणि घडविण्याचे काम बाबूरावांकडे आले. १९४५ साली पुतळा उभा राहिला. परकी सत्ता अद्याप गेलेली नव्हती, हे लक्षात घेतले म्हणजे त्या कामाचे मोल कळते.

१६ जानेवारी १९५४ रोजी कोल्हापुरात बाबूरावांचे निधन झाले.

त्यांच्या मूकपटांपैकी आज फारच थोडे शिल्लक आहे. ‘सैरंध्री’ नाही, ‘सिंहगड’ नाही, १९२५ चा ‘सावकारी पाश’ही नाही. जुनी फिल्म नायट्रेटची असे. ती झपाट्याने पेट घेते, आणि न पेटली तरी कालांतराने कुजून चिकट होते. चित्रपट चालेनासा झाला की कित्येक ठिकाणी तिच्यातील चांदी काढून घेण्यासाठी ती धुऊन टाकीत. १९२७ सालच्या ‘मुरलीवाला’ आणि ‘सती सावित्री’ या चित्रपटांचे काही भाग पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने जतन केले आहेत. कोल्हापुरात खरी कॉर्नर येथे कॅमेऱ्याचा स्तंभ उभारलेला आहे. ज्या पडद्यांनी त्यांचे नाव केले ते नाटक मंडळ्यांबरोबर गावोगाव फिरून, पावसात भिजून, घड्या पडून विरले.

म्हणून आमची सर्व सभासद कुटुंबांना एक विनंती आहे. आपल्यापैकी अनेकांच्या घरी माळ्यावर जुन्या पेट्या आहेत. त्यांत वाकस, रंधे, पटाशी यांच्यासोबत कागदही असतात. महाराष्ट्र फिल्म कंपनीची एखादी पुस्तिका, भित्तिचित्राचा तुकडा, स्टुडिओत काम केलेल्या आजोबा-पणजोबांचे छायाचित्र, पगाराची चिठ्ठी, पडद्याच्या कापडाचा तुकडा, जे काही सापडेल ते फेकू नये, रद्दीत घालू नये. मंडळाच्या चिटणीसांना कळवावे. वस्तू मालकाचीच राहील, तिचे छायाचित्र घेऊन ती जशीच्या तशी परत केली जाईल. फिल्मचा डबा सापडल्यास मात्र तो घरी उघडू नये, देवघरातील दिव्याजवळ किंवा स्वयंपाकघरात ठेवू नये, उन्हातही ठेवू नये. सावलीच्या थंड जागी तो तसाच ठेवून आधी निरोप द्यावा.